तरणतलाव कुणाच्या नावावर आहे?

मंडळी, पुण्या-ठाण्यातल्या सोसायटीची सवय असलेला माणूस फ्लोरिडात किंवा ॲरिझोनात निवृत्तांच्या वसाहतीत घर बघायला जातो, तेव्हा कागदावर एक ओळ दिसते: रिक्रिएशन फी, महिना इतके डॉलर. त्याला वाटतं, मेंटेनन्सच असणार. पोहायला गेलो नाही तर कमी करून मागू. पहिली चूक इथेच होते. ही फी वापराची नसते, जमिनीची असते. सातबाऱ्याच्या इतर अधिकारांच्या रकान्यात बोजा चढावा, तशी ती काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, दप्तरात त्या प्लॉटवर नोंदलेली असते. घर विकलं की बोजाही नव्या मालकाकडे जातो. तुम्ही वेगळी सही केलेली नसो, कागद वाचलेला नसो, तुम्हाला पोहताच येत नसो.

हे पक्कं झालं 1938 साली, न्यूयॉर्कमध्ये. क्वीन्समधल्या नेपॉन्सिट वसाहतीत 1917 च्या डीडमध्ये, म्हणजे खरेदीखतात, लिहिलं होतं की रस्ते, बागा, किनारा, गटारं यांच्या देखभालीसाठी 20 बाय 100 फुटांच्या दर प्लॉटमागे वर्षाला जास्तीत जास्त 4 डॉलर घेता येतील. पुढे तो प्लॉट लिलावात एका बँकेकडे आला. बँक म्हणाली, वचन आम्ही दिलेलंच नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकलं नाही: सामाईक जागांचा हक्क प्लॉटबरोबर येतो, तर खर्चही प्लॉटबरोबरच येणार. निकाल सगळ्यांच्या लक्षात राहिला. डीडमध्ये कमाल मर्यादा आकड्यात लिहिलेली होती, ही गोष्ट मात्र नंतरचे मसुदे लिहिणारे अनेकजण सोयीस्कर विसरले.

आता मुख्य प्रश्न. बहुतेक लोक विचारतात, फी किती? त्याआधी विचारा, तरणतलाव आणि क्लबहाउस कुणाच्या नावावर आहे? उत्तर एकच नसतं, आणि फी कशी वाढेल, वाद झाला तर कुठे दाद मागायची, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं.

सर्वांत ओळखीचा प्रकार म्हणजे मालकी घरमालकांच्या असोसिएशनची. बजेट सभेत येतं, संचालक निवडून येतात, खर्च वाटून घेतला जातो. आपल्या सोसायटीच्या जवळचा हा प्रकार, म्हणून आपल्याला वाटतं की सगळीकडे असंच असणार. दुसरा प्रकार वेगळा: ॲरिझोनात 1 जानेवारी 1960 ला सुरू झालेल्या सन सिटीत करमणूक केंद्रं एका वेगळ्या ना-नफा संस्थेकडे आहेत. तिथे नगरपालिकाच नाही. टुसॉनजवळच्या ग्रीन व्हॅलीतही अशी वेगळी संस्था आहे आणि गावातली सगळीच घरं तिच्या सक्तीच्या सभासदत्वात नाहीत. तेव्हा शेजारच्यांना विचारून काही कळत नाही. ज्या घराचा सौदा करताय त्याचंच डीड पाहायचं. अशा ठिकाणी असोसिएशनची वर्गणी आणि करमणुकीची फी अशी दोन बिलं येऊ शकतात, आणि दलाल बोलताना त्यातलं एकच सांगतो.

तिसरा प्रकार फ्लोरिडातला, कम्युनिटी डेव्हलपमेंट डिस्ट्रिक्ट. ही खासगी संस्था नव्हे, कायद्याने स्थापन झालेली स्थानिक शासकीय यंत्रणा. ती कर्जरोखे काढते आणि त्यांचा हप्ता प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात येतो. तो थकला तर मामला कर थकवण्याचाच होतो. द व्हिलेजेस या प्रचंड वसाहतीत यावर आणखी एक थर आहे: दरमहा ॲमेनिटी फी, महागाई निर्देशांकाशी बांधलेली. निर्देशांकाची अट निरुपद्रवी वाटते, पण गणित करून बघा. वर्षाला 3 टक्के धरले तर आजचे 150 डॉलर 20 वर्षांनी 271 होतात.

चौथा प्रकार सगळ्यांत सावधपणे वाचण्यासारखा: क्लब डेव्हलपरच्याच मालकीचा. फ्लोरिडातल्याच पॉल्क काउंटीतल्या सॉलिव्हिटा वसाहतीचं प्रकरण यावर अभ्यासण्यासारखं आहे. कंपनीचं नाव अवतार प्रॉपर्टीज, त्यामुळे आपल्या लोकांच्या चटकन लक्षात राहतं. तिथे रहिवासी क्लब चालवण्याचा खर्च तर देतच होते, शिवाय वेगळी 'मेंबरशिप फी' देत होते, आणि ती निव्वळ मालकाचा नफा होती. पुढे हा क्लब तिथल्या डिस्ट्रिक्टला 7 कोटी डॉलरांहून अधिक किमतीला विकायचा घाट घातला गेला. फेडणार कोण, तर रहिवासीच. त्यातून 2017 मध्ये खटला उभा राहिला. न्यायालयाने म्हटलं, राज्याच्या कायद्यानुसार घरमालकाकडून त्याच्या वाट्याचा खर्च घेता येतो. नफा हा खर्च नव्हे. 2021 मध्ये सुमारे 3 कोटी 48 लाख डॉलर परत देण्याचा निकाल झाला आणि 2023 मध्ये अपिलातही तो टिकला. हा निकाल दुसऱ्या वसाहतीला आपोआप लागू पडतो असं मात्र धरू नका. क्लबचा करार कसा लिहिलाय यावर बरंच अवलंबून असतं. करारात 'खर्च' आणि 'फी' असे दोन शब्द वेगवेगळे दिसले, तर तिथे थांबा आणि वकिलाला दाखवा.

आणखी एक नेहमीची शंका: आज ऐच्छिक असलेला क्लब उद्या बहुमताने सक्तीचा करता येतो का? ॲरिझोनाच्या मेसा शहरातल्या ड्रीमलँड व्हिलामध्ये हाच प्रयत्न झाला. 2010 मध्ये अपील न्यायालयाने तो हाणून पाडला: मूळ डिक्लरेशनमध्ये, म्हणजे वसाहतीच्या नियमांच्या नोंदलेल्या दस्तात, ज्याचा मागमूस नाही, ते ओझं दुरुस्तीच्या नावाखाली लादता येणार नाही. 2022 मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात ही दिशा आणखी पक्की केली. म्हणून दुरुस्त्यांच्या आधी मूळ डिक्लरेशन वाचायचं. मूळ कागदात 'असोसिएशन वर्गणी बसवू शकेल' एवढी एक ओळ असली तरी तिच्यात बरंच काही मावतं.

आता पैशांचं. गृहकर्ज देणारी बँक ही फी तुमच्या मासिक हप्त्यात धरते. 7 टक्के व्याज, 30 वर्षं मुदत असेल तर दर हजार डॉलर कर्जाला महिन्याला साधारण 6.65 डॉलर हप्ता पडतो. म्हणजे महिना 200 डॉलर फी असेल तर कर्जाची तुमची ऐपत सुमारे 30 हजारांनी घटते. स्वतः राहत्या घरासाठी ही फी आयकरात वजाही होत नाही. घर भाड्याने दिलं तर खर्च म्हणून दाखवता येते.

फी कमी आहे म्हणून खूश होऊ नका, राखीव निधी पाहा. समजा तलावाचं अस्तर 12 वर्षं टिकतं, बदलायला 1 लाख 20 हजार डॉलर लागतात आणि त्याला 8 वर्षं झाली आहेत. निधीत आज 80 हजार हवेत. 30 हजारच असतील, तर तो साडेसदतीस टक्केच भरलेला आहे आणि उरलेली तूट चार वर्षांत एकदाच्या विशेष वर्गणीतून तुमच्या दारी येण्याची शक्यता मोठी. बजेटबरोबर 'रिझर्व्ह स्टडी', म्हणजे राखीव निधी किती लागेल याचा अभ्यास, मागा. तो केलेलाच नाही असं उत्तर आलं, तर तेही उत्तरच आहे.

खरेदीच्या वेळी एकरकमी 'कॅपिटल काँट्रिब्यूशन' द्यावं लागतं का, तेही विचारा. महाराष्ट्रात सोसायटीच्या हस्तांतरण प्रीमियमला 25 हजार रुपयांची मर्यादा आहे. तो आकडा डोक्यात ठेवून इथे आलात तर धक्का बसेल.

फ्लोरिडात असोसिएशनची सक्ती असलेलं घर विकणाऱ्याने करार करण्याआधी ठरलेल्या नमुन्यात माहितीपत्रक द्यायचं असतं. करमणुकीच्या सोयींसाठी भाडं किंवा जागावापराची फी आहे का, असल्यास किती, यासाठी त्यात स्वतंत्र कलम आहे. रकमेची जागा कोरी ठेवू देऊ नका. डेव्हलपर सभासदांच्या मंजुरीशिवाय नियम बदलू शकतो का, हेही त्यात येतं. पत्रक करारापूर्वी मिळालं नसेल, तर ते हाती आल्यावर 3 दिवसांत किंवा क्लोजिंगपूर्वी (व्यवहार पूर्ण होण्यापूर्वी), जे आधी येईल तेव्हापर्यंत, लेखी कळवून करार रद्द करता येतो. शेवटी एस्टॉपेल सर्टिफिकेट: आधीच्या मालकाची थकबाकी किती हे असोसिएशन मागणीनंतर कामकाजाच्या 10 दिवसांत लिहून देते. फी घेणाऱ्या संस्था दोन असतील तर दोघींकडून घ्या. मालकी हक्क तपासणारी टायटल कंपनी बऱ्याचदा एकीकडूनच मागवते, आणि दुसरीची बाकी नव्या मालकाच्या गळ्यात पडते.

थकलं तर काय होतं? डिक्लरेशनमध्ये दर दिलेला नसेल तर फ्लोरिडात वर्षाला 18 टक्के व्याज. आलेला पैसा आधी व्याजात, मग विलंबशुल्कात, मग वकिलाच्या खर्चात आणि सर्वांत शेवटी मूळ वर्गणीत जमा होतो. म्हणून वादातली रक्कम वगळून चेक पाठवला की मूळ बाकी तशीच राहते आणि वर चढतच जाते. चेकवर 'पूर्ण आणि अंतिम' लिहूनही उपयोग नाही, कायद्याने ते शब्द निष्प्रभ केले आहेत. पूर्ण रक्कम भरून सोबत निषेधाचं पत्र द्यावं आणि मग दाद मागावी. राहतं घर आहे, जप्ती येणार नाही, हा समजही चुकीचा: घर घेण्याआधीच नोंदलेल्या या बोजापुढे राहत्या घराला मिळणारं 'होमस्टेड' संरक्षण चालत नाही, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच सांगितलं आहे.

लीन, म्हणजे थकबाकीसाठी घरावरचा बोजा, नोंदवण्याआधी असोसिएशनला 45 दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि लीननंतर घरावर दावा लावण्याआधी पुन्हा 45 दिवसांची. नोटीस त्यांच्या नोंदीतल्या पत्त्यावर रवाना झाली की पोचली असं धरतात. थंडीतले चार-पाच महिने पुण्यात काढणाऱ्यांनी म्हणून निघण्याआधी बँकेतून ऑटो-पे लावून जावं, आणि पत्र उघडून वाचेल अशा कुणाचा तरी पत्ता असोसिएशनकडे लेखी नोंदवावा.