राक्षसाचा आवाज, बाईचं नाव

(दृश्य: १९७३. ‘द एक्झॉर्सिस्ट’चं पोस्टर. थिएटरबाहेर रांग.)

या भयपटात राक्षसानं झपाटलेली एक शाळकरी मुलगी पलंगाला जखडलेली आहे आणि तिच्या तोंडून बाईचा की पुरुषाचा हेही न कळणारा घोगरा आवाज येतोय. चेहरा लिंडा ब्लेअरचा. आवाज मात्र सत्तावन्न वर्षांच्या, ऑस्कर मिळवलेल्या अभिनेत्रीचा: मर्सिडीज मॅकेम्ब्रिज.

मर्सिडीज १९१६ साली अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये जन्मली. कॉलेजात असतानाच शिकागोत रेडिओवर बोलायला लागली. रेडिओनाटकात ना मेकअप, ना हातवारे. जिना चढून आलेल्या बाईची धाप असो की खोटं बोलणाऱ्या माणसाचा चाचरता सूर, सगळं गळ्यातूनच काढायचं. ही तालीम तिची खरी शाळा. ऑर्सन वेल्ससारख्या नामवंत दिग्दर्शक-अभिनेत्यानं तिला जगातली सर्वश्रेष्ठ रेडिओ अभिनेत्री म्हटलं होतं.

ब्रॉडवे, म्हणजे न्यूयॉर्कची व्यावसायिक रंगभूमी, झालं, मग सिनेमा. पहिल्याच चित्रपटाला, १९४९ च्या ‘ऑल द किंग्ज मेन’ला, सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. ‘जायंट’साठी पुन्हा नामांकन. पण भूमिका पुढे विरळ होत गेल्या, त्यात दारूचं व्यसन. ते तिनं लपवलं नाही. १९६९ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे जाऊन ती त्यावर उघड बोलली. त्या काळी नटीनं असं करणं सोपं नव्हतं.

(दृश्य: रेकॉर्डिंग स्टुडिओ. मायक्रोफोन.)

आता स्टुडिओतल्या कामाकडे येऊ. दिग्दर्शक विल्यम फ्रिडकिनला राक्षसाचा आवाज यंत्रानं नव्हे, माणसाच्या घशातून हवा होता. मर्सिडीज कच्ची अंडी गिळायची, सिगारेटीमागून सिगारेट ओढायची. दारूही घ्यायची. दारू सोडलेल्या बाईनं भूमिकेसाठी पुन्हा पेला उचलायचा, म्हणून तिनं धर्मगुरूंना स्टुडिओत बसवून घेतलं होतं. राक्षस बंधनात तडफडतोय हे ऐकू यावं म्हणून फाडलेल्या चादरीच्या पट्ट्यांनी तिला खुर्चीला बांधलं, मानेपासून पायांपर्यंत. तिच्या छातीत दम्यासारखी घरघर होती, ती तिनं लपवण्याऐवजी कामाला लावली. पडद्यावरची घरघर तिचीच.

हे सगळं केलं, आणि पहिल्या खेळाला श्रेयनामावलीत तिचं नावच नव्हतं!

तिच्या म्हणण्याप्रमाणे निर्मात्या कंपनीनं, वॉर्नर ब्रदर्सनं, नाव देण्याचा शब्द दिला होता. फ्रिडकिनचं म्हणणं, तिनंच आधी नाव नको म्हटलं होतं. खरं काय ते दोघांनाच ठाऊक. पण एवढ्या कष्टानंतर मला तरी तिचा राग रास्तच वाटतो. कलावंतांची संघटना, स्क्रीन अॅक्टर्स गिल्ड, तिच्या पाठीशी उभी राहिली आणि नाव आलं.

तोवर वेगळाच वाद पेटला होता. लिंडा ब्लेअरला सहाय्यक अभिनेत्रीचं नामांकन मिळालं; मग लोक विचारू लागले, यातला अभिनय नक्की किती कुणाचा? ब्लेअरला पुरस्कार मिळाला नाही. पण सिनेमाला मिळालेल्या दोन ऑस्करांपैकी एक होतं ध्वनीसाठी. त्यावर नावं ध्वनितंत्रज्ञांची.

मर्सिडीज मात्र रंगभूमी सोडून बसली नाही. नव्वदच्या दशकात, पंचाहत्तरी गाठल्यावरही, ती ब्रॉडवेवर ‘लॉस्ट इन यॉन्कर्स’ या नाटकात उभी राहिली. २००४ मध्ये तिचं निधन झालं.