मत दिल्याची खूण

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेत मत देऊन बाहेर पडताना बऱ्याच ठिकाणी मतदाराच्या हाती एक छोटा स्टिकर ठेवतात. पांढरा लंबगोल, त्यात फडकता झेंडा आणि 'आय व्होटेड' एवढीच अक्षरं. हे सर्वपरिचित रूप १९८७ साली जॅनेट बुड्रो यांनी घडवलं.

आपल्या बोटावरच्या शाईला काम नेमून दिलेलं आहे. एकाने दोनदा मत देऊ नये म्हणून १९६२ पासून म्हैसूरहून ती येते, आणि तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट कातडीत मुरतं. स्टिकरला असं काहीच काम नाही. तो कुणी तपासत नाही. माणूस तो लावतो तो आवडला म्हणूनच. त्यामुळे त्याचं चित्र कसं आहे, हीच त्याची सगळी ताकद, असं मला वाटतं.

जॉर्जिया राज्याच्या स्टिकरवर तिथलं पीच हे फळ असतं. लुइझियानाने २०१६ मध्ये आपल्या मातीतले चित्रकार जॉर्ज रॉड्रिग यांचा निळा कुत्रा छापला. पण खरी बहार आणली न्यूयॉर्क राज्यातल्या अल्स्टर काउंटीने, म्हणजे तिथल्या एका जिल्ह्याने. २०२२ मध्ये तिथे स्टिकरच्या चित्रासाठी मुलांची स्पर्धा होती. चौदा वर्षांच्या एका मुलाने कवटीसारखं डोकं, लालभडक डोळे आणि कोळ्यासारखे रंगीबेरंगी पाय असलेला एक विचित्र प्राणी काढून पाठवला. झेंडा नाही, तारे नाहीत! ऑनलाइन कौल घेतला तर दोन लाखांहून जास्त मतं पडली, आणि काउंटीची लोकसंख्या त्याहून कमी. बहुतेक सगळी मतं त्या प्राण्यालाच. अधिकाऱ्यांनी ते चित्र जसंच्या तसं छापलं, याचं मला फार कौतुक वाटतं. मोठ्यांच्या समितीने ते पहिल्याच बैठकीत बाजूला काढलं असतं. २०२४ मध्ये मिशिगननेही स्पर्धा घेतली. तिथे शर्ट टराटरा फाडणारा लांडगा-माणूस गाजला, तोही एका बारा वर्षांच्या मुलीने काढलेला.

न्यूयॉर्क राज्यातल्याच रॉचेस्टर शहरात, बायकांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सुझन बी. अँथनी यांची समाधी आहे. बायकांना तो अधिकार नसताना १८७२ मध्ये मत दिलं म्हणून त्यांना अटक झाली होती. २०१६ च्या निवडणुकीच्या दिवशी तिथे रांगा लागल्या आणि बायकांनी आपापले स्टिकर त्या दगडावर चिकटवले. पुढे डिंकाने दगड खराब होऊ नये म्हणून त्याला पारदर्शक आवरण घालावं लागलं.

आपल्याकडे मतदार जागृतीसाठी शाळाशाळांतून चित्रकलेच्या स्पर्धा होतातच. त्यातलं मुलांनीच निवडलेलं एक चित्र जिल्हा निवडणूक कार्यालयाने छापावं आणि शाई लावून झाली की मतदाराच्या हाती द्यावं.