पिल्लू बाहेर आलं, पण सुटलं का?

(पुण्यात बजी, म्हणजे बजरीगार हे छोटे पोपट, पाळणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आज इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी पिंजऱ्यात मडकं किंवा लाकडी पेटी टांगलेली आहे, आणि आत चिवचिव सुरू झाली आहे. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच : पिल्लू काढायचं कधी? विचारणाऱ्याला आकडा हवा असतो. तो देऊन टाकतो. अंड्यातून निघाल्यावर साधारण ३० ते ३५ दिवसांनी बजीचं पिल्लू घरट्याबाहेर येतं. पण मला बोलायचं आहे ते त्यापुढच्या दोन-तीन आठवड्यांबद्दल, कारण पिल्लं हकनाक दगावतात ती तेव्हा. घरट्यातून बाहेर पडणं वेगळं आणि बापापासून सुटणं वेगळं.

बजी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. १८४० साली इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी जिवंत जोड्या इंग्लंडला नेल्या आणि तिथून तो जगभर पाळला जाऊ लागला. रानात तो झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. तुमच्या बाल्कनीतल्या मनीप्लँटमध्ये बुलबुल घरटं करतो, त्याची पिल्लं दोनेक आठवड्यांत निघून जातात. उघड्यावरच्या वाटीसारख्या घरट्यात जास्त दिवस राहणं त्यांना परवडत नाही. ढोलीतल्या पिल्लाला तशी घाई नसते. ते अंधारात, सुरक्षित, महिनाभर वाढतं. म्हणून रोज टॉर्च मारून ‘अजून कसं बाहेर येत नाही’ म्हणू नका.

आता एक हिशोब नीट लक्षात घ्या. मादी एक दिवसाआड अंडं घालते आणि बहुधा पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच उबवायला बसते. उबवण सुमारे १८ दिवसांची. म्हणजे पाच अंडी असतील तर थोरलं आणि धाकटं यांच्यात आठवड्याभराचं अंतर सहज पडतं. थोरलं दांडीवर बसलेलं असताना धाकट्याच्या पाठीवर अजून काट्यांसारखी कोवळी पिसं असतात. तरी लोक रविवारी सुट्टी आहे म्हणून मडकं उतरवतात आणि सगळी पिल्लं एकदम खाली ठेवतात. असं करू नका. प्रत्येक पिल्लाची जन्मतारीख कॅलेंडरवर वेगळी लिहा.

बाहेर यायच्या आधी पिल्लू दोन-चार दिवस भोकाशी येऊन बसतं. डोकं बाहेर काढतं, आवाज झाला की आत जातं. आत पंख फडफडवल्याचा आवाज येतो. पिसं पूर्ण भरलेली असतात, शेपटी लांबलेली असते. असं पिल्लू स्वतःहून उतरलं तर त्याला पुन्हा आत कोंबू नका. रात्री त्याचं ते परत गेलं तर जाऊ द्या. पण तीन आठवड्यांचं, अर्धवट पिसांचं पिल्लू खाली सापडलं तर ते आलेलं नाही, पडलेलं आहे किंवा हाकललेलं आहे. ते गार पडलंय का बघा, ओंजळीत ऊब द्या आणि परत आत ठेवा.

हाकलणारी बहुधा आईच असते. तिला पुढची अंडी घालायची असतात. पिल्लांच्या डोक्यावरची, पाठीवरची पिसं उपटलेली दिसली, रक्त दिसलं, तर वाट बघू नका. पिल्लं आणि बाप दुसऱ्या पिंजऱ्यात हलवा, पिल्लं लहान असतील तर पेटीसकट. बजीचा नर एकट्यानं पिल्लं वाढवतो. बाहेर आलेल्या पिल्लाला भरवणं एरवीही मुख्यतः त्याचंच काम असतं.

आणि इथेच फसगत होते. पिल्लू वाटीशी जातं, दाणा चोचीत धरतं, मान हलवतं. घरचे म्हणतात, खायला लागलं! उष्टावण झालं म्हणून कोणी बाळाचं दूध तोडतं का? ते पिल्लू दाण्याशी नुसतं खेळत असतं. बजी दाणा अख्खा गिळत नाही. जिभेने तो चोचीत फिरवतो, साल फोडतो, फोलपट टाकतो आणि आतला गर खातो. हे कसब यायला दिवस लागतात. एका घरात नवं आणलेलं पिल्लू भरल्या वाटीसमोर मेलं. मला वाटी दाखवली तेव्हा मी वरून फुंकर घातली. वरची सगळी फोलपटं उडाली आणि खाली दाणा जवळपास नव्हताच. फोलपटंही जुन्या पक्ष्यांनी टाकलेली होती. पिल्लाने बहुधा एकही दाणा फोडला नव्हता.

म्हणून परीक्षा करायची ती संध्याकाळी, दिवा मालवायच्या आधी. पिल्लू हलक्या हाताने धरा आणि गळ्याखाली, छातीच्या वरच्या बाजूला बोटाचं टोक लावा. तिथे अन्नपिशवी असते. ती भरलेली असली की आत दाणे बोटाला जाणवतात. पण एवढ्यानं भागत नाही, कारण ती बापानेही भरलेली असू शकते. तेव्हा बापाला सकाळपासून दुपारपर्यंत शेजारच्या पिंजऱ्यात ठेवा, पिल्लांना दिसेल असा. दुपारी पिशवीत दाणे लागले आणि पिल्लासमोरच्या स्वच्छ कागदावर ताजी फोलपटं पडलेली दिसली, तर ते स्वतः खातंय. पिशवी रिकामी असेल, पिल्लू मान वर करून चिरचिरत असेल, तर बाप लगेच परत. असे सलग तीन-चार दिवस चांगले गेले की मग वेगळं करा. बहुतेक पिल्लं सहा-सात आठवड्यांची होईपर्यंत इथवर पोचतात. एखादं मागे राहतं, त्याला राहू द्या.

या काळात दाणे उथळ ताटलीत, पिंजऱ्याच्या तळाशी ठेवा, कारण पिल्लं आधी खालीच वावरतात. राळा, बाजरी चालेल. आपल्याकडे बाजरीची ताजी कणसं मिळतात तेव्हा एक अडकवून बघा, चोच मारत मारत फोडायला शिकतात. उकडलेलं अंडं कुस्करून द्या, ते तासाभराने काढून टाका. पाणी बशीत, अगदी थोडं.

पुण्यातल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. पावसाळ्यात जोडी बसवली की नेमकी गणपतीच्या सुमारास पिल्लं बाहेर येतात. पेठेतल्या घरात ढोल-ताशाचा दणका बसला की बजी अंधारात उधळतात आणि जाळीवर आपटतात. नवशिक्या पिल्लाचा त्यात पंख मोडतो. त्या रात्री पिंजरा आतल्या खोलीत घ्या आणि शून्याचा दिवा चालू ठेवा. आणि पिल्लाला खोलीत पहिल्यांदा सोडताना पंखा बंद, खिडकीवर पडदा. पिल्लाला काच कळत नाही.

‘हाताला लागावं म्हणून तिसऱ्या आठवड्यात काढून भरवू का?’ असं तरुण मुलं विचारतात. मी स्पष्ट नाही म्हणतो. चुकीच्या तापमानाचं अन्न पिशवी भाजतं, घाईने भरवलं तर श्वासनलिकेत जातं. पिसं येऊ लागल्यावर रोज पाच-दहा मिनिटं हातात घ्या आणि परत आईबापांकडे द्या. तेवढ्याने पिल्लू छान धीट होतं.

विकत घेणाऱ्यांनी काय बघावं? कपाळावरच्या काळ्या रेघा चोचीपर्यंत आलेल्या आणि डोळे पूर्ण काळे, पांढरं वर्तुळ नसलेले, म्हणजे पिल्लू कोवळं आहे. (काही रंगांच्या बजींमध्ये ही खूण चालत नाही.) कोवळं चांगलंच, पण किती कोवळं? दुकानात पंधरा मिनिटं उभे राहा. ते पिल्लू दाणा फोडून खाताना दिसलं तरच घ्या. दुकानदार घाई करेल, तुम्ही करू नका. आणि घरी जोडी असेल तर दुसरा पिंजरा अंडी दिसायच्या आधीच आणून ठेवा. मादी पिल्लांना मारायला लागते तेव्हा बाजार बंद असतो.