कॅल्शियम दिसतं कसं

[दृश्य: अंधारात पेशींचा थर. एका कडेकडून उजेडाची लाट पसरते.]

ही लाट कॅल्शियमची आहे. कॅल्शियमला स्वतःचा उजेड नसतो; त्याला पकडून त्याची खबर देणारा रेणू आधी पेशीत भरलेला असतो. तोच फ्लुरोसंट प्रोब, म्हणजे प्रकाश टाकला की चमकणारा खबऱ्या.

शांत पेशीत मोकळ्या कॅल्शियमची संहती साधारण 100 नॅनोमोलर, आणि शेजारीच मॅग्नेशियम जवळजवळ मिलिमोलर, म्हणजे हजारो पटींनी जास्त. प्रोबनं त्या गर्दीतून फक्त कॅल्शियम उचलायचं असतं. ईजीटीए हा कॅल्शियम पकडणारा जुना रेणू, एक चिमटाच, निवडीत पक्का होता, पण पेशीच्या पीएचला (आम्लतेच्या पातळीला) त्याच्या नायट्रोजनांवर प्रोटॉन बसलेले असतात. ते हटेपर्यंत कॅल्शियमला जागा नाही. म्हणून पकड मंद, आणि पीएच जरा हलला की मोजमाप ढळतं.

[दृश्य: ईजीटीएच्या आकृतीत बेंझिनची कडी येऊन बसतात.]

1980 साली रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन यांनी हे नायट्रोजन बेंझिन कड्यांना जोडले. कड्यांनी त्यांची इलेक्ट्रॉनजोडी आपल्याकडे ओढली आणि प्रोटॉनची पकड सैल झाली. हा नवा चिमटा म्हणजे बाप्टा. यातली सर्वांत सुंदर गोष्ट पुढे आहे: तेच कडं प्रकाश शोषणाऱ्या भागात गुंफता येतं. 1985 चा फ्युरा-2 हा प्रोब तसाच घडला. कॅल्शियम बसलं की ती इलेक्ट्रॉनजोडी त्यात गुंतते आणि शोषणाचं शिखर 360 नॅनोमीटरच्या आसपासहून 335 कडे सरकतं. मग 340 आणि 380 नॅनोमीटरचा प्रकाश आळीपाळीनं टाकायचा, 510 ला मोजायचं आणि भागाकार घ्यायचा. पेशी जाड असली किंवा प्रोब कमी शिरला असला, तरी दोन्ही आकडे एकाच पटीत बदलतात, म्हणून भागाकार तोच राहतो.

पकड जितकी घट्ट तितका प्रोब चांगला, हा समज सोडायला हवा. फ्युरा-2 चा विघटन स्थिरांक, म्हणजे ज्या संहतीला त्याच्या निम्म्या जागा भरतात ती, 200 नॅनोमोलरच्या आसपास आहे. कॅल्शियम त्याच्या दहापट झालं की नव्वद टक्के जागा भरलेल्या असतात. पुढची वाढ जवळपास दिसतच नाही. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, म्हणजे पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठारात, ते शेकडो मायक्रोमोलर, तिथे मुद्दाम सैल पकडीचाच प्रोब लागतो.

[दृश्य: पिपेट, काचपट्टी, घड्याळ.]

प्रोबच्या ऋणप्रभारामुळे तो पटलातून आत जात नाही, म्हणून त्याचे कार्बोक्सिलेट, म्हणजे ऋणप्रभार असलेले गट, एएम एस्टर नावाच्या झाकणांनी झाकतात. कोरड्या डीएमएसओ या विद्रावकात 1 मिलिमोलर साठा, माध्यमात 2 ते 5 मायक्रोमोलर, सोबत प्रोब विरघळायला मदत करणारं 0.02 टक्के प्लुरॉनिक. अर्धा-पाऊण तास भरायचं, धुवायचं, आणि आणखी अर्धा तास थांबायचं. या थांबण्यातच पेशीतली एस्टरेज ही विकरं पाचही झाकणं कापतात. घाई केली तर अर्धवट कापलेले रेणू चमकत राहतात, कॅल्शियमला मात्र दाद देत नाहीत, आणि खरा चढ-उतार दबून जातो.

37 अंशांवर प्रोब अंगकांमध्ये, म्हणजे पेशीतल्या छोट्या कप्प्यांत, शिरतो. खोलीच्या तापमानाला हे कमी होतं. पेशी तो बाहेर टाकत असतील तर ते रोखायला 1 ते 2.5 मिलिमोलर प्रोबेनेसिड. आणि जास्त प्रोब भरू नका. तोही चिमटाच आहे. कॅल्शियम अडवून धरतो आणि लाट बुटकी, लांबट दिसते.

340 नॅनोमीटरला पेशीतला एनएडीएच हा नैसर्गिक रेणूही उजळतो. प्रोब न भरलेल्या पेशींचा उजेड दोन्ही आकड्यांतून वजा करायचा, आणि तो भागाकाराच्या आधी.