काडीच्या उजेडात: ‘फ्लेश अँड द डेव्हिल’

बागेत रात्र दाटली आहे. फेलिसिटास सिगारेट आधी स्वतःच्या ओठांत धरते आणि मग तीच लिओच्या ओठांत ठेवते. तो काडी पेटवतो, त्या उजेडात दोघांचे चेहरे उजळतात आणि ती फुंकर मारून काडी विझवते. हा उजेड खरे तर काडीचा नव्हता; छायालेखक विल्यम डॅनियल्स यांनी लिओची भूमिका करणाऱ्या जॉन गिल्बर्ट यांच्या तळहातात एक चिमुकला दिवा दडवला होता.

जर्मन लेखक हेर्मान झुडरमान यांच्या 1894 सालच्या ‘एस वार’ या कादंबरीवरून मेट्रो-गोल्डविन-मेयरने 1926 मध्ये हा मूकपट काढला. दिग्दर्शक होते क्लॅरेन्स ब्राउन. फेलिसिटास साकारणाऱ्या, स्वीडनहून आलेल्या ग्रेटा गार्बो तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांच्या होत्या.

लिओ आणि उलरिक हे बालपणापासूनचे जिवलग मित्र. फेलिसिटास विवाहित आहे हे लिओला कळते ते तिचा नवरा दारात उभा राहतो तेव्हाच. लिओ आणि त्या नवऱ्यातले पुढचे द्वंद्व ब्राउन जवळजवळ दाखवतच नाहीत. आकाशाच्या पार्श्वभूमीवर दोन काळ्या आकृती पाठीला पाठ लावून उभ्या राहतात, चालत चालत चौकटीबाहेर जातात आणि दोन्ही कडांनी धुराचे लोट तेवढे आत येतात. कोण मेले, हे पुढच्याच दृश्यात आरशासमोर विधवेची काळी जाळी चेहऱ्यावर घेऊन पाहणारी फेलिसिटास सांगते. कादंबरीकाराला ज्यासाठी पाने खर्ची घालावी लागतील ते इथे एका कापडाच्या तुकड्यात मावले आहे.

लिओला आफ्रिकेत पाठवले जाते. जाताना तो तिची काळजी घेण्याची विनंती उलरिकला करतो आणि काहीच ठाऊक नसलेला उलरिक तिच्याशी लग्न करतो. लिओ परतल्यावर चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी पाळक द्राक्षारसाचा प्याला पुढे करतात, तेव्हा लिओचे ओठ जिथे टेकले होते नेमकी तीच कड ओठांशी यावी म्हणून फेलिसिटास प्याला हाताने फिरवते. गार्बो यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी ना पश्चात्ताप आहे ना भीती, फक्त तहान आहे.

शेवटी दोघे मित्र एकमेकांवर पिस्तूल रोखतात, त्यांना थांबवायला धावणाऱ्या फेलिसिटासच्या पायाखालचा बर्फ फुटतो, आणि तिकडे ते दोघे गळ्यात गळे घालतात. लिओचाही वाटा असलेले सारे पाप कथेने तिच्या एकटीच्या पदरात टाकले, हा अन्याय मला आजही खटकतो.