एडवर्ड्सचा कोळी

आज कोळ्याबद्दल बोलणार आहे. जाळं विणणारा कोळी, जाळं टाकणारा नव्हे.

८ जुलै १७४१. एनफील्ड नावाचं गाव, आज ते अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात येतं. पाहुणे धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स प्रवचनाला उभे राहिले. वय सदतीस, अंगकाठी किरकोळ, आवाज बेताचा. त्याच काळात गाजत असलेले दुसरे धर्मोपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड मैदानात हजारोंना रडवत. त्यांच्या सभेत झोळी फिरली तेव्हा काहीही द्यायचं नाही असं ठरवून आलेल्या बेंजामिन फ्रँकलिननं आधी तांबं, मग चांदी आणि शेवटी खिशातलं सोनंसुद्धा टाकलं. हे त्यानंच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. एडवर्ड्सकडे यातलं काहीच नव्हतं. तरी त्या दिवशी देवळात असा आक्रोश उठला, की त्यांना मध्येच थांबावं लागलं. हजर असलेल्या एका धर्मोपदेशकाच्या रोजनिशीत याची नोंद आहे.

गंमत म्हणजे हेच प्रवचन त्यांनी आधी स्वतःच्या नॉर्थॅम्प्टन गावात दिलं होतं. तिथं असं काही घडलं नाही. घरकी मुर्गी म्हणा हवं तर!

प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट पंथातल्या, प्रवचनाचा साचा ठरलेला असे. आधी बायबलमधलं वचन, मग त्यातून निघणारा सिद्धान्त, शेवटी त्याचं श्रोत्यांना लागू करणं. वचन होतं ‘त्यांचा पाय घसरेल’. पूर्वार्धात बोलणं सगळं ‘त्यां’च्याबद्दल, म्हणजे पापी लोकांबद्दल. बाकावरचा माणूस निवांत. शेजाऱ्याची पापं मोजत बसला असेल. आणि उत्तरार्धात सर्वनाम बदलतं. ‘तुम्ही’. आगीवर कोळी धरावा तसं देवानं तुम्हाला नरकाच्या खाईवर धरलंय, त्याला तुमची किळस येते. एका बारीक धाग्याला तुम्ही लोंबकळताय आणि ज्वाळा त्या धाग्याला चाटताहेत.

इथं एक गोष्ट हमखास निसटते. ज्या हाताला किळस येतेय, तोच हात तुम्हाला पडू देत नाहीये. माझ्या मते या प्रवचनाची खरी धार आगीत नाही, त्या हातात आहे. अमेरिकेतल्या शाळांतून एडवर्ड्स एवढ्या एका प्रवचनापुरतेच भेटतात, त्यामुळे माणूस भयंकर वाटतो. ईश्वराच्या गोडव्याबद्दल त्यांनी किती हळुवार लिहिलंय, हे बाजूलाच राहतं. (त्यांच्या घरी गुलाम होते हेही बाजूला राहतं, आणि ते राहू नये.)

आपल्याकडे त्यांचा एक धागा पोचलाय. १८१३ साली मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी याच न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, धर्मपरंपरेतले. पुढे १८४२ साली अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं, ते त्यांच्याच मिशनचं.

पण मला परत कोळ्याकडे यायचंय. एडवर्ड्सनी तो ऐकीव दृष्टांतातून उचललेला नव्हता. १७२३ साली, विशीत असताना, त्यांनी उडणाऱ्या कोळ्यांवर एक लांबलचक पत्र लिहिलं. कोळी हवेत धागा सोडतो, वारा तो ओढून नेतो आणि मागोमाग कोळीही तरंगत निघतो. या पोरानं ते झाडाझुडपांत उभं राहून, उन्हाच्या तिरिपेत बघितलेलं. किड्यांच्यासुद्धा मौजेची सोय करणारा देव किती भला, असं तो त्यात लिहितो. आणि मग शांतपणे हिशोब मांडतो: उन्हाळा संपता संपता वारा पश्चिमेकडून वाहतो, समुद्र पूर्वेला आहे, म्हणजे मजेत उडत निघालेले हे बहुतेक कोळी शेवटी पाण्यातच पडत असणार.