नऊने भाग जातो का बघा

(पडद्यावर : कापडी पाठीचं जाडजूड लेजर. दोन हात ते उचलून टेबलावर टाकतात. धप्प.)

हा आवाज माझी आई झोपेतही ओळखेल. फोर्टमधल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत ती सेव्हिंग्जला बसायची. सकाळी शिपाई तिजोरीच्या खोलीतून एकेक लेजर आणून टेबलांवर टाकायचा, आणि त्या धप्प-धप्पने दिवस सुरू व्हायचा. लेजर म्हणजे खातेदारांच्या हिशेबाची वही. आईकडे सात नंबरचं लेजर होतं. आठ नंबर समोरच्या टेबलावर, माझ्या बाबांकडे.

ते तेव्हा माझे बाबा नव्हते, हे उघडच आहे. तेव्हा ते युनियनचे शाखा प्रतिनिधी होते आणि, आईच्या शब्दांत, 'नुसते बडबडे'.

आई १९८१ साली बीएसआरबीची, म्हणजे बँकभरतीची, परीक्षा देऊन लागली. मुलगी बँकेत लागली, एवढ्यावर गिरगावात स्थळं चालून येत. बाबा लालबागचे. आजोबा कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत आजोबाही होते. ते पुन्हा आत गेलेच नाहीत. तो संप काही यंत्रांपायी झाला नव्हता, मला माहीत आहे. पण भोंगा बंद पडला की घरात काय होतं, ते बाबांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांच्या कॉम्प्युटरविरोधाला मी कधी हसत नाही. आई हसते. तो तिचा हक्क आहे.

(पडद्यावर : पितळी टोकन, काउंटरवर गोल फिरत राहिलेलं.)

ही भीती बाबांपासून सुरू झालेली नाही. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या इलॅको हाउसमध्ये एलआयसीचा कॉम्प्युटर येऊ नये म्हणून कर्मचारी रात्रंदिवस इमारतीवर पहारा देत बसले होते. पुढे सरकारने ऑटोमेशनवर समिती नेमली, अध्यक्ष आपले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर. तिचा अहवाल १९७२चा. बँकांमध्ये ८ सप्टेंबर १९८३ला युनियन आणि इंडियन बँक्स असोसिएशनचा करार झाला. कुठे, कोणत्या कामाला यंत्रं येणार, चालवणाऱ्याला भत्ता काय, सगळं कलमवार. पाठोपाठ १९८४ला बँकांत कॉम्प्युटर आणण्याबद्दलच्या रंगराजन समितीचा अहवाल आला. बाबांकडे या सगळ्याची फाइल होती. आईकडे फक्त टिफिन होता, आणि जेवणाच्या सुट्टीत ती फाइल तोंडी ऐकावी लागे.

पण मला सांगायचंय ते डिफरन्सबद्दल.

त्या काळी लेजरमधल्या प्रत्येक खात्याची शिल्लक एका लांब कागदावर उतरवायची, खालपर्यंत बेरीज मारायची, आणि ती जनरल लेजरच्या, म्हणजे शाखेच्या एकत्रित हिशेबाच्या, आकड्याशी जुळली पाहिजे. जुळली तर 'टॅली झालं'. नाही जुळली तर 'डिफरन्स लागला'. मग व्हाउचरचे, म्हणजे पैसे भरल्या-काढल्याच्या चिठ्ठ्यांचे, गठ्ठे सोडायचे, एकाने आकडे वाचायचे, दुसऱ्याने लेजरमध्ये पेन्सिलीने टिक मारत जायचं. याला म्हणायचे कॉलिंग. कॉलिंगला दोघं लागतात. एकट्याने होत नाही. आई सात नंबर, बाबा आठ नंबर. आता पुढचं मी सांगायला हवं का?

(पडद्यावर : भिंतीवरचं घड्याळ. अकरा वाजून चाळीस.)

तेव्हा बँकांचं वर्ष ३१ डिसेंबरला संपायचं. म्हणजे सगळी मुंबई गेटवेकडे निघालेली असे, आणि बँकवाले मान खाली घालून बेरजा मारत बसलेले. बटाटेवडे बँकेच्या खर्चाने, चहा किटलीतून. ३१ डिसेंबर १९८५ला सात नंबरला डिफरन्स लागला : ६३ रुपये.

बाबा उठून आईच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, नऊने भाग जातो का बघा."

हे बँकेतलं जुनं शहाणपण. दोन शेजारचे अंक उलटे पडले की येणाऱ्या फरकाला नेहमी नऊने भाग जातो. ६३ला नऊने भागलं, आले सात. म्हणजे एकम-दहमच्या घरात ज्या दोन अंकांत सातचं अंतर आहे ते कुठेतरी उलटले असणार. ८१चे १८ झालेत, किंवा ९२चे २९, किंवा ७०चे ०७. आता हजारो नोंदी बघायच्या नाहीत, तेवढ्या जोड्या शोधायच्या. बाबा वाचत गेले, आई टिक मारत गेली. "एक्याऐंशी." "अठरा लिहिलंय!" आई ओरडलीच. सुपरवायझरने मान वर केली. तेवढ्यात बाहेरून बंदरातल्या जहाजांचे भोंगे ऐकू आले. मुंबईत नवं वर्ष असं लागतं, जहाजं एकदम भोंगे देतात, आणि फोर्टात ते छातीत ऐकू येतात.

आई सांगते, बाबा त्या भोंग्यांनी क्षणभर गप्प झाले. त्या गप्प होण्यावर आपण भाळलो, असं तिचं म्हणणं. बाबा म्हणतात, मी वडा खात होतो.

(पुढे १९८९पासून क्लोजिंग ३१ मार्चला गेलं. त्या रात्री कुठलंच जहाज भोंगा देत नाही.)

मग मशीन आलं. अॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन, म्हणजे लेजरच्या नोंदी करणारं यंत्र, बँकेतल्या भाषेत एएलपीएम. त्याच्यासाठी शाखेच्या कोपऱ्यात काचेची केबिन केली, एसी बसवला, आत जाताना चपला बाहेर. माणसांना पंखा आणि मशिनला एसी, ही कुजबूज पहिल्या दिवसापासून. बाबांनी शर्टाला काळी फीत लावली. आणि मशीन चालवायला ज्या दोघांची निवड झाली, त्यांत आईचं नाव.

तिने भत्त्यासाठी हो म्हटलं का, असं मी एकदा विचारलं. "भत्ता होताच," ती म्हणाली, "पण आत गार होतं रे. आणि मला बघायचं होतं."

बाबा तीन आठवडे बोलले नाहीत. डबा वेगळ्या टेबलावर. लग्नाचं दोन्ही घरी सांगून झालेलं, साखरपुड्याची तारीख अडकलेली. लालबागला आजोबांनी विचारलं, काय झालं? बाबा म्हणाले, ती मशिनवर बसते. आजोबा म्हणाले, मी पण मशिनवरच बसायचो.

हे वाक्य घरात बऱ्याचदा सांगितलं जातं, आणि सांगून सांगून त्याला जरा चकाकी आलीय, हे मी मान्य करतो. पण आजोबा असं बोलायचे खरे.

(पडद्यावर : एका बाजूला शाईने लिहिलेलं लेजरचं पान. दुसऱ्या बाजूला डॉट मॅट्रिक्सचा भोकाभोकांचा कागद.)

मशीन आलं म्हणून लेजर लगेच बंद होत नसे. काही महिने दोन्ही चालायचं, हाताने लेजर आणि काचेमागे मशीन, आणि संध्याकाळी दोन्हीकडच्या शिलका ताडून बघायच्या. सात नंबर आता बाबांकडे होतं. म्हणजे तेच लेजर, तीच खाती, एक प्रत त्याच्या अक्षरात आणि एक तिच्या बोटांतून. बाबा रोज मशीन चुकायची वाट बघत होते. चूक सापडली की ती नोटीस बोर्डवर लावायची, असं युनियनमध्ये ठरलेलंच होतं.

एका संध्याकाळी सापडली. ३६० रुपये. मशीनचा आकडा कमी.

बाबांनी मनातल्या मनात भागलं. नऊ चोक छत्तीस. व्हाउचरचा गठ्ठा सोडला. १८४५चं व्हाउचर, मशिनमध्ये १४८५. मशीन चुकलं नव्हतं, आईचं बोट चुकलं होतं. काचेच्या आत ती पाठमोरी बसलेली. शाखेत त्या वेळी कॅशियर, शिपाई आणि हे दोघं. नोटीस बोर्डवर काय लावायचं? नाव घातलं तर आईचं मशीनवरचं काम जाणार. नाव न घालता 'मशीन चुकलं' लिहिलं तर ते खोटं.

बाबांनी चपला काढल्या. पहिल्यांदाच केबिनमध्ये गेले. व्हाउचर तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, नऊने भाग जातोय."

आईने आकडा दुरुस्त केला. दोन्ही बाजू टॅली झाल्या. बोर्डवर काही लागलं नाही. त्या वर्षी खंडेनवमीला शाखेत यंत्रांची पूजा झाली, तेव्हा एएलपीएमला झेंडूचा हार बाबांनी घातला. काळी फीत शर्टावर होतीच. युनियनमध्ये यावरून त्यांना बोलणी बसली, आणि ती रास्त होती असं ते आजही म्हणतात.

लग्न झालं, बँकेच्या सवलतीच्या कर्जावर डोंबिवलीत दोन खोल्या झाल्या. नोकरी कुणाचीच गेली नाही. गेलं ते संध्याकाळी थांबणं. मशीन स्वतःच बेरीज मारायचं, शिल्लक छापून द्यायचं. गठ्ठे सोडायची गरज उरली नाही. साडेपाचला सगळे बाहेर. आई म्हणते, आम्ही बरे, आमचं ठरून गेलं होतं. आमच्यानंतर आलेली पोरं एकमेकांच्या टेबलाशी काय निमित्ताने जाणार?

माणसं कमी झाली ती बऱ्याच नंतर, आणि आपल्या सहीने. २०००-०१मध्ये बँकांनी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना, काढली. सेवेच्या दर वर्षामागे साठ दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यांतलं कमी असेल ते. देशभरात एक लाखाहून जास्त लोकांनी अर्ज केले आणि सुमारे लाखभर बाहेर पडले. घराघरात एकच हिशेब चालू होता, दोघंही बँकेत असतील तर कोणी घ्यायची? आमच्या घरी बाबांनी घेतली. मशीन अडवायला काळी फीत लावणारा माणूस स्वतःहून उठून घरी आला, आणि मशीनवर बसलेली आई कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखा एकाच यंत्रणेला जोडणं, येऊन स्थिरावेपर्यंत टिकली. बाबांना यावर विचारलं की ते पंख्याकडे बघतात.

(पडद्यावर : डोंबिवली. स्वयंपाकघराचं टेबल. चष्मे दोन, वही एक, मोबाइल एक.)

आता बाबा फोनवरून पैसे देतात, भाजीवाल्यालाही. पण रात्री घरखर्चाची वही निघते. बाबा मोबाइलवरचे आकडे वाचतात, आई वहीत पेन्सिलीने टिक मारते. मी हे चित्रण करत होतो त्या रात्री दुधापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळं वाचून झालं, तरी जुळेना.

"कितीचा आहे?" बाबांनी विचारलं.

"सत्तावीस."

आई चष्मा पुसायला लागली. बाबांनी मोबाइल पुन्हा वरपर्यंत सरकवला, आणि पहिल्या तारखेपासून वाचायला सुरुवात केली.